शेंडीचा नारळ

१४ मे, बोरगाव

व्हिसा आला. मावशीचा आणि माझा, दोघांचा. पासपोर्ट हातात देताना आप्पांनी तोंड असं केलं, जणू गावातलं मोकाट वासरू कोंडवाड्यात चाललंय.

"जा. तिथं तरी कुणाच्या कानाखाली काढू नको."

कॉलेज सुटून वर्ष होत आलं तरी ह्या माणसाचं तेच. बेळगावात कॅन्टीनमध्ये त्या पोरानं निपाणीच्या प्रणिताचं नाव घेऊन घाण बोलल्यावर मी काय त्याला चहा पाजायचा होता? हाणला. कॉलेज म्हणालं, लेखी माफी माग. मी म्हटलं, मागत नाही. इंजिनीअरिंग तिथंच संपलं. त्याचं मला काही वाटत नाही. लिहून ठेवतो, काही वाटत नाही.

आता मला पाठवतायत मावशीच्या सोबतीला. तिचा मुलगा विनयअण्णा स्टॉकहोमला नोकरीला आहे, श्रद्धावहिनी बाळंत व्हायची आहे. मावशीला इंग्लिश येत नाही, विमान माहीत नाही, आणि दोन्हीकडच्या घरांत रिकामा फक्त मी. मी आधी नको नको म्हटलं, म्हणजे कुणाला संशय नको. प्रणिता तिथंच शिकायला आहे, दोन वर्षं झाली. हे घरात कुणाच्या ध्यानात नाही.

तिला कळवलं. उत्तर आलं, "अरे वा. मावशींना सांभाळून आण. आल्यावर बघू." सांभाळून आण म्हणते. घरच्या बाईसारखं. आणि बघू म्हणजे नकार नव्हे.

२ जून, स्टॉकहोम

पोचलो. बेळगाव, बंगळूर, दोहा, इथं. मावशी पक्की जैन, विमानातलं बाटलीबंद पाणीसुद्धा तिनं पदराच्या टोकातून गाळून प्यायलं. हवाईसुंदरी बघत राहिली. मी खिडकीकडं तोंड केलं.

इथल्या विमानतळावर कस्टमच्या गोऱ्या बाईनं पिशवी उघडायला लावली. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, भडंग. बाई इंग्लिशमध्ये विचारते, मावशी तिला कानडीत उत्तर देते. "कडलेकाई चटणी, अम्मा. तिन्नु, तिन्नु." खा म्हणून पुढंच केली.

मी म्हटलं, "मावशी, ती स्वीडनची हाय. तिला कानडी कशाला येईल?"

"मराठी येत न्हाय तिला. मग कानडी नको यायला?"

बोरगावात हा हिशोब बरोबर आहे. मराठी येत नसलं की माणूस कानडीच असतो. पण आश्चर्य म्हणजे बाईनं बोटाला चटणी लावून चाखली, ठसका लागला, आणि सोडलं आम्हाला.

गाव इतकं स्वच्छ की थुंकी गिळावी लागते. झाडं, पाणी, पूल, परत पाणी. मेट्रोत शे-दीडशे माणसं आणि एकाचाही आवाज नाही. मला वाटलं, कुणीतरी मेलंय. विनयअण्णाला मोठ्यानं विचारलं, तर डबा सगळा माझ्याकडं वळला.

५ जून

इथं सूर्य मावळत नाही. म्हणजे मावळतो, पण रात्री दहाला, आणि तेही मनात आलं तर. मावशीचा नेम, दिवस बुडायच्या आत जेवायचं. मी म्हटलं, मजा आहे, साडेनऊपर्यंत खा. मावशी ऐकेना.

"ह्या उनावर माझा भरवसा न्हाय. बोरगावला फोन लाव."

लावला. आई म्हणाली, दिवे लागले. इथं दुपारचे साडेतीन. मावशी म्हणाली, "झालं. माझं जेवण बंद." तेव्हापासून ती बोरगावच्या सूर्यावर जेवते. तीनला ताट पुसून मोकळी, आणि पुढं सगळा दिवस उपाशी, डोक्यावर टक्क ऊन घेऊन.

विनयअण्णानं लई समजावलं. शेवटी मी चिडलो. "मावशी, माणूस जिथं असतं तिथला दिवस धरायचा. तिथलं हितं चालवून कसं जमंल?"

मावशी म्हणाली, "तुला कळतंय व्हय हे? बरं झालं."

असं का म्हणाली कोण जाणे.

९ जून

आज जुन्या गावात फिरलो. गल्ल्या दगडाच्या, घरं पिवळी-तांबडी. एका हॉटेलाबाहेर बाळाची गाडी, आत बाळ झोपलेलं, आणि जवळ कुणीच नाही. गार वारं. मावशी जागच्या जागी उभी.

"कुणी टाकलं गं बाई हे?"

विनयअण्णा म्हणाला, आई, आईबाप आत कॉफी पितायत. इथं बाळं बाहेरच झोपवतात, हवा चांगली म्हणून.

मावशीला पटेना. ती त्या गाडीशेजारी पायरीवर बसली आणि राखण करत राहिली. आम्ही राजवाडा बघून आलो तरी बसलेली. बाळाची आई बाहेर आली, घाबरली. मावशीनं तिला कानडीतून चांगलंच झापलं. ती पोरगी हसली, सॉरी म्हणाली आणि मावशीचा हात हातात घेतला. राजवाडा काही विशेष नव्हता.

प्रणिता गुरुवारी भेटणार. झोप नाही. एवढ्या उजेडात कोण झोपेल?

१२ जून

भेटली.

केस कापलेत. सायकलवरून आली, हेल्मेट काढलं, "काय विरू, जाड झालास की!" म्हणाली आणि चक्क मिठी मारली. रस्त्यात. निपाणीत जी मला बघून दुसऱ्या गल्लीनं जायची, ती. माझे हात कुठं ठेवायचे मला कळेना.

पाण्याच्या कडेला बसलो. तिनं वेलदोड्याचा बन घेऊन दिला. मी कॅन्टीनचं सगळं परत सांगितलं. ती म्हणाली, "विरू, तू परत कॉलेजला जा ना." मी म्हटलं, तू म्हणशील ते. ती म्हणाली, "मी म्हणते म्हणून नको रे." बोलता बोलता दोनदा फोन बघितला. अभ्यास लई असतो तिला.

निघताना म्हणाली, "मावशींना घेऊन ये घरी. त्यांना भेटायचंय मला."

ह्याचा अर्थ काय होतो? मोठ्या बाईला घरी बोलावणं म्हणजे काय असतं, हे निपाणीच्या मुलीला कळत नाही होय?

घरी येऊन मावशीला सांगितलं की तिची तयारी आहे. जाशील तेव्हा कुंकू लावून ओटी भरून टाक, म्हणजे ती आपल्या घरची ठरली, साखरपुडा गावाकडं सावकाश करू.

मावशीनं भाकरी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "ती व्हय म्हणाली का तूच म्हणालास?"

"दोघांचं एकच हाय."

मावशी माझ्याकडं बघत राहिली. भाकरी करपली.

१५ जून

साडी मावशीकडं आहे, वहिनीसाठी दोन आणल्यात त्यातली एक. तांदूळ आहेत, कुंकू आहे. अडलंय नारळावर.

इथल्या बाजारात नारळ मिळतो, पण तासून गुळगुळीत केलेला, टक्कल पडल्यासारखा. मावशीनं हातात घेऊन फिरवला आणि परत ठेवला. "शेंडी न्हाय ह्याला. ओटीत चालत न्हाय."

"मावशी, नारळ तो नारळ."

"मग तूबी मुंडकं काढून बस की नवरा म्हणून."

विनयअण्णा हसून हसून खाली बसला.

१७ जून

तीन दिवस शेंडी शोधतोय. माणसं इथं वस्तुसंग्रहालयं बघायला येतात, मी नारळ बघत फिरतोय. त्या नादात सगळं शहर पालथं घातलं. गुहेसारखी मेट्रो स्टेशनं, भिंतींवर आकाशाएवढी चित्रं. एक बाजार, सगळा मासे आणि हरणाच्या मटणाचा. मावशी नाकाला पदर लावून पळाली. बेटाबेटाला जाणारी बोट, तिकीट तपासायलाही कुणी नाही. रांगेत दोन माणसांमध्ये तिसरा मावेल एवढी जागा. मी त्या जागेत घुसलो, तर एक म्हातारा म्हणाला, "प्लीज." एवढंच. त्यानं मला हाणलं असतं तरी एवढं लागलं नसतं. मी भांडायच्या तयारीत, समोर भांडायला कुणी नाही. इथं राग घेऊन माणसानं जायचं कुठं?

शेवटी शहराबाहेर एका लंकेच्या तमिळ माणसाच्या दुकानात मिळाला. मावशीनं कानडीत विचारलं, "तेंगिनकाई इदेया?" आणि तो माणूस हसत आत गेला, शेंडीवाला घेऊन आला. मावशीनं माझ्याकडं असं बघितलं!

उद्या.

१८ जून

सगळं क्रमानं लिहितो.

दारात पादत्राणं काढायची इथं पद्धत आहे. मावशीला हा देश आवडला तो पहिल्यांदा ह्यावरून. प्रणिताच्या दाराशी तिच्या चपला होत्या आणि शेजारी बुटांचा एक जोड, होडीएवढा. इथं भाडं परवडत नाही म्हणून पोरंपोरी मिळून राहतात, ते मला माहीत आहे. मी मनावर घेतलं नाही. मावशी मात्र थांबली. वाकून तिनं ते बूट नीट जोडीनं लावले, आणि मग आत गेली.

प्रणितानं बिनकांदा-बटाट्याचे पोहे केलेले. मावशी म्हणाली, "ध्यानात हाय गं तुझ्या." पोहे झाले. मावशीनं पिशवीतनं एकेक काढलं. साडी, तांदूळ, नारळ, कुंकवाची डबी. प्रणिताचा चेहरा उतरला.

"मावशी, हे काय?"

"विरू म्हणाला..." मावशी थांबली. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.

मावशीच्या बोटाला कुंकू लागलेलं, हात तसाच हवेत. प्रणितानं तो धरला. ढकलला नाही, धरला. म्हणाली, "मावशी, विरूच्या नावानं नको."

मग मावशीनं दाराकडं मान केली. "त्यो बुटवाला?"

प्रणितानं मान हलवली. डोळे भरलेले.

"घरी ठावं न्हाय?"

"न्हाय."

"चांगला हाय?"

"लई चांगला हाय मावशी."

मला वाटलं, आता मावशी सामान पिशवीत भरेल आणि तिला चार शब्द सुनावेल. मावशी म्हणाली, "बस खाली. पदर कर."

"पदर कुठला मावशी? पँट घातलीय मी. ओढणीबी न्हाय."

"मग टॉवेल आण."

ती टॉवेल घेऊन आली. मावशीनं कपाळाला कुंकू लावलं, टॉवेलात तांदूळ घातले, साडी घातली, तो शेंडीचा नारळ ठेवला. मी तीन दिवस पायपीट करून आणलेला नारळ. "आईनं भरायची ओटी, ती हितं न्हाय. म्हणून मी भरते. आजपास्नं तू माझी लेक."

मावशीची लेक म्हणजे माझी कोण, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. आत्या असती तर गोष्ट वेगळी, आत्याची लेक आमच्यात चालते. नेमकी मावशी निघाली.

मी उठलो, दारातले ते बूट उचलले आणि जिन्याच्या खिडकीतनं खाली फेकले. एक. दोन.

थोड्या वेळानं जिन्यातनं एक उंच माणूस वर आला. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात एक बूट. इंग्लिशमध्ये म्हणाला, दुसरा झाडात अडकलाय, काठी आहे का? आणि माझ्यापुढं हात केला. "योनास."

मी हात मिळवला. का मिळवला? मुठी वळलेल्याच होत्या, त्यातली एक उघडून मिळवला.

प्रणिता माझ्यामागनं जिना उतरली. अंगणात तो काठीनं बूट काढत होता. ती म्हणाली, "विरू, मी तुला कधी व्हय म्हटलंतं?"

"न्हाय बी म्हटलं न्हवतंस."

"म्हटलंतं. निपाणीत म्हटलंतं, बेळगावात म्हटलंतं. मारामारी झाली तेव्हा फोनवर म्हटलं, माफी माग आणि वर्गात बस, माझ्यासाठी काय करू नको. तू ऐकलंस कधी?"

मग तिनं विचारलं, "घरी सांगणार हाईस?"

मी पाठ फिरवली. घाबरली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती मला घाबरली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

१९ जून

सांगणार. निपाणीत उतरल्या उतरल्या जिनाप्पाकाकांच्या खताच्या दुकानात जाणार आणि सांगणार, तुमची लेक तिकडं काय शिकतेय ते. एका दिवसात ओढून आणतील तिला.

मावशीशी बोलणं बंद. तीही बोलत नाही. तीनला जेवते, माझं ताट झाकून ठेवते.

२३ जून

वहिनीला मुलगा झाला. विनयअण्णाला सहा महिने रजा. लंगोट तोच बदलतो. मावशी म्हणते, "मग मला कशाला आणलंय, टाळ्या वाजवायला?"

मी एकटाच निघून गेलो, एक जुनं जहाज ठेवलंय ते बघायला. चारशे वर्षांपूर्वीचं. राजानं बांधलेलं, सगळं कोरीव कामानं मढवलेलं, वरती तोफा. पहिल्याच सफरीला निघालं आणि किनाऱ्यावरची माणसं बघत असतानाच बुडालं. वरचं वजन जास्त झालेलं. तीनशे वर्षांनी काढलं आणि आता तिकीट लावून दाखवतात. मला वाटलं, लपवायचं सोडून हे काय? पण दोन तास तिथनं हललो नाही. माणसं वर बघत होती, कुणी हसत नव्हतं.

२७ जून

उद्या मी निघतो. मावशी अजून दोन महिने राहणार. भांडी पुसता पुसता ती आपणहून बोलली.

"काय सांगायचं ते सांग गावात. तुझं तोंड हाय. पर सांगशील तवा माझ्या नावानं ओटी भरलीय तेबी सांग."

"तू माझ्या बाजूची का तिच्या?"

"लेकराला बाजू असती व्हय रं?" म्हणाली, आणि तोंडात बळंच भडंग कोंबलं.

१ जुलै, बोरगाव

आलो. सगळे विचारतात, काय बघितलंस? मी म्हणतो, काही नाही. आप्पा म्हणाले, कॉलेजचा फॉर्म निघालाय. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोन वेळा निपाणीला गेलो. काकांच्या दुकानासमोरून गाडी नेली. थांबवली नाही. गिऱ्हाईक होतं.

६ जुलै

आज काका स्वतःच आले. हातात पेढ्यांचा बॉक्स, अंगात धुतला सदरा. मला बघून हसले. हा माणूस मला बघून कधी हसला नव्हता.

झालं असं की श्रद्धावहिनीनं तिच्या आईला फोनवर सांगितलं, सासूबाईंनी प्रणिताची ओटी भरली म्हणून. त्या बाईनं निपाणीभर केलं. कुंवार पोरीची ओटी मुलाकडच्यांनी भरली, आणि मुलाकडचा म्हणजे तिथं मीच.

काका बाहेरच्या सोप्यात बसले. "विरू, एवढं ठरवलासा आणि आम्हाला न्हाय व्हय सांगायचं? मी काय नको म्हटलो असतो? कॉलेज सोडलायस, डोकं गरम हाय, ते ठावं हाय मला. पर घर चांगलं हाय. पोरगी एकदा हिकडं आली म्हंजी मी सुटलो. झोप न्हाय दोन वर्सं. फोन उचलत न्हाय, उचलली तर गडबडीत बोलती." आईकडं वळून म्हणाले, "आक्का, श्रावणाच्या आत उरकू. उद्याच फोन करून तिला या म्हणून सांगतो."

आई माझ्याकडं बघतेय. आप्पा दारात उभे. मी कधीपासून मागत होतो ते सगळं ताटात वाढून समोर ठेवलेलं. मला काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. ती तिकडून ओरडली असती तरी इथं कुणी ऐकलं असतं? ओटी भरलीय म्हणाले असते. काका तिकीटच पाठवणार होते. मी गप्प बसलो. काकांनी बॉक्सची दोरी सोडली, पेढा उचलला आणि माझ्या तोंडापुढं आणला.

"काका, ती ओटी माझ्या नावानं न्हाय."

पेढा तिथंच राहिला.

"मग कुणाच्या?"

"मावशीनं लेक म्हणून भरली."

"कुंवार पोरीची? लेक म्हणून? कसली पद्धत ही? विरू, कुणाच्या नावानं?"

"ते तिला विचारा. या म्हणून फोन करू नका, बोलायला करा. लई भ्याती तुमाला."

"तुला ठावं हाय. सांग."

"ठावं हाय. पर मी न्हाय सांगणार. मी भाऊ लागतो तिचा."

काका फरशीकडं बघत राहिले. एकदम म्हातारे दिसले. पेढा परत बॉक्समध्ये ठेवला आणि दोरी बांधायला लागले. गाठ बसेना.

मी म्हटलं, "ठेवा काका. विनयअण्णाला मुलगा झालाय, त्याचे म्हणून वाटतो."

बॉक्स ठेवून गेले. मी दारापर्यंत गेलो, पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

प्रणिताला लिहून पाठवलं, "काका येऊन गेले. मी सांगितलं नाही. तू सांग, लवकर." तिनं वाचलं. उत्तर अजून नाही.

आईनं गल्लीत पेढे वाटले. आप्पांनी दोन खाल्ले. बॉक्समधला शेवटचा आई माझ्यासाठी घेऊन आली. खाल्ला.